घरमालक वारल्यावर जुन्या भाडेकरूने काय करायचं?

पुण्यातल्या आमच्या वाड्यात दर महिन्याच्या पाच तारखेला आई पदराच्या टोकाला नोटा बांधून जिना चढायची. वरच्या मजल्यावर मालक राहायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ते पावतीपुस्तक काढायचे, कार्बन पेपर नीट सरकवायचे आणि निळ्या शाईने सही करायचे. अण्णा गेले त्या महिन्यात आई सवयीने वर गेली, घरात सुतक आहे हे लक्षात येऊन तशीच खाली आली. पुढच्या महिन्यात थोरल्याने सांगितलं, "आता भाडं माझ्याकडे द्यायचं." धाकट्याने गॅलरीतूनच बजावलं, "दादाला दिलंत तर मी मानणार नाही." सासरी असलेल्या लेकीकडून काहीच निरोप नव्हता. आईने विचार केला, यांचं आपापसात मिटेपर्यंत पैसे बाजूला काढून ठेवू. पितळी डब्यात ते महिन्यागणिक साठत गेले. आठव्या महिन्यात थोरल्याच्या वकिलाची नोटीस आली: भाडं थकवलंत, जागा खाली करा.

आईकडे पैसे तयार होते आणि द्यायची इच्छाही होती. पण ती इच्छा कोर्टाला दाखवता येईल असा एक चिटोराही तिच्याकडे नव्हता. पुढे आम्ही त्यातून निभावलो, कसं ते खाली येईलच. तेव्हापासून अनेक बिऱ्हाडांचे असे कागद मी पाहिले आहेत. मालकाच्या मृत्यूमुळे जुन्या भाडेकरूचा हक्क गेला असं मी एकदाही पाहिलं नाही. तो गेला तो नंतरच्या गोंधळात थकलेल्या भाड्यामुळे, नाहीतर घाईत केलेल्या एखाद्या सहीमुळे. म्हणून याच दोन ठिकाणी मी जास्त थांबणार आहे. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

पायरी १: तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सवर राहता?

बाकी सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. पागडीची (सुरुवातीला मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेली) खोली, चाळ किंवा वाड्यातलं जुनं बिऱ्हाड, वडिलांच्या नावाच्या भाडेपावत्या, असं असेल तर तुम्ही भाडेकरू. तुम्हाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. मालक बदलला तरी तुमचा भाडेहक्क तोच राहतो. या कायद्यात 'घरमालक' म्हणजे त्या त्या वेळी भाडं घेणारा किंवा घेण्याचा हक्क असलेला माणूस, त्यामुळे वारस आपोआप अण्णांच्या जागी येतात. नवा करार करावा लागत नाही.

अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी असेल, तर स्थिती वेगळी आहे. पंधरा वर्षं दर वेळी नवा करार करून त्याच फ्लॅटमध्ये राहिलात तरी तुम्ही कायद्याने भाडेकरू होत नाही. करारात मालक म्हणजे 'त्यांचे वारस व प्रतिनिधी' असं सहसा लिहिलेलं असतं, ते कलम आधी वाचा. ते असेल तर मुदत संपेपर्यंत वारसांना करार पाळावा लागतो. मुदत संपली की मात्र कायद्याच्या कलम २४ प्रमाणे वारस सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मागू शकतात, आणि मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं. अशा वेळी वारसांशी लवकर बोलून नवा करार करा, नाहीतर अनामत रकमेच्या परतफेडीची तारीख लेखी घ्या. ती रक्कम मृत मालकाचं देणं आहे आणि त्यांच्या मालमत्तेतून वारसांनी ती फेडायची असते. यापुढचं बहुतेक सगळं जुन्या भाडेकरूंसाठी आहे.

पायरी २: कागद एका पिशवीत

मालकाच्या घरी दहावं-तेरावं होईपर्यंत त्यांना काही विचारू नका, पण आपले कागद त्याच आठवड्यात काढा. जुन्या भाडेपावत्या, मूळ करार असेल तर तो, पागडी दिल्याचा काही लेखी पुरावा, वीजबिलं, त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, बँकेतून भाडं गेलं असेल तर पासबुकाची पानं. सर्वांत जुनी आणि सर्वांत अलीकडची पावती वेगळी ठेवा. कार्बनच्या पावत्या पुसट होतात, म्हणून आजच स्कॅन करा. आमच्याकडे एका वर्षाच्या पावत्यांवर नुसता निळसर डाग उरला होता, अक्षर एकही नाही.

पावती देणं कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे, उपकार नाही. अण्णांनी शेवटची काही वर्षं पावत्या दिल्या नसतील तर त्या काळात भाडं कसं दिलं त्याची तारीखवार नोंद आठवत असेपर्यंत वहीत लिहून काढा.

पायरी ३: वारस नेमके कोण

थोरला मुलगा कर्ता म्हणून वावरतो, पण कायद्याने तो एकटा मालक नसतो. मालक हिंदू असून मृत्युपत्र न करता वारले असतील तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मालकाची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. लग्न झालेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. हे भाडेकरूंना सहसा माहीत नसतं, आणि पाच-सात वर्षांनी तीच मुलगी येऊन विचारते की माझ्या संमतीशिवाय हे कसं झालं. मुस्लिम मालकाला त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. ख्रिश्चन आणि पारशी मालकांसाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत मागा.

कागदोपत्री खात्रीसाठी मिळकत पत्रिका काढा, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. ते नगर भूमापन कार्यालयात आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या मिळकतीचे नोंदलेले दस्त आणि इंडेक्स टू (दस्ताचा नोंदणी गोषवारा) पाहता येतात. मालकांनी हयातीतच बक्षीसपत्र करून ठेवलं होतं किंवा मिळकत विकली होती, हे तिथेच कळतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: फेरफारावर नाव चढल्याने मालकी सिद्ध होत नाही. ती महसुलाची नोंद आहे. वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र किंवा वाटणीचा हुकूमनामा जास्त वजनाचा.

मात्र "आधी कागद दाखवा, मग भाडं देतो" असं म्हणून बसू नका. कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठी भाडं रोखायचा नाही.

पायरी ४: भाडं कुणाला आणि कसं

मृत मालकाच्या खात्यात पैसे टाकणं ताबडतोब थांबवा. निधन कळल्यावर बँक खातं गोठवते, आणि मग ते पैसे वारसांना मिळाले की नाही यावरून नवा वाद उभा राहतो.

सगळ्या वारसांना एकच पत्र पाठवा. ज्यांचे पत्ते माहीत आहेत त्या प्रत्येकाला स्वतंत्र स्पीड पोस्टने, आणि पोच जपून ठेवा. मजकूर साधारण असा:

"आपले वडील कै. … यांचे दिनांक … रोजी निधन झाल्याचे समजले. मी वरील मिळकतीतील खोली क्र. … मध्ये सन … पासून भाडेकरू आहे. मासिक भाडे रु. … असून … महिन्यापर्यंतचे भाडे अदा केलेले आहे. पुढील भाडे देण्यास मी सदैव तयार होतो व आहे. भाडे कोणाच्या नावे व कोणत्या रीतीने द्यावे, हे आपण सर्व वारसांनी एकत्रित सहीने पंधरा दिवसांत कळवावे. या पत्राने मी कोणाही वारसाचा हक्क मान्य वा अमान्य करीत नाही."

'तयार होतो व आहे' हे शब्द गाळू नका. कायद्याच्या कलम १५ चं संरक्षण भाडं देणाऱ्याला आणि द्यायला तयार असणाऱ्याला आहे, आणि ही तयारी नंतर याच पत्रावरून दाखवता येते.

सगळ्यांनी मिळून एक नाव दिलं तर प्रश्न संपला. त्या नावाने चेक किंवा बँकेतून पैसे पाठवा आणि पावतीवर 'सर्व वारसांकरिता' असं लिहून घ्या. उत्तरच आलं नाही, तर अण्णांच्या हयातीत त्यांच्या वतीने भाडं गोळा करणारा जो कोणी होता त्याला द्या आणि बाकीच्यांना तसं लेखी कळवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५० इथे आधार देतं. ज्याच्याकडून जागा धरली आहे असं तुम्ही प्रामाणिकपणे मानता त्याला सद्भावनेने भाडं दिलंत, तर पुढे त्याचा हक्क नाही असं ठरलं तरी तेच भाडं तुमच्याकडून दुसऱ्यांदा वसूल होत नाही.

आता अवघड प्रसंग, आमच्यासारखा: दोन वारस, दोघांच्या परस्परविरोधी नोटिसा. दुसऱ्याची लेखी हरकत हातात आल्यावर 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही आणि सद्भावनेचा आधार पातळ होतो. इथे दिवाणी प्रक्रिया संहितेत एक छान वाट आहे, ती वकीलही पुष्कळदा सुचवत नाहीत. कलम ८८ आणि आदेश ३५ खाली तुम्ही स्वतः दावा लावू शकता. त्यात तुम्ही एवढंच म्हणता की पैसे माझ्याकडे आहेत, मला त्यात काही नको, दोघांपैकी कुणाचे ते कोर्टाने ठरवावं. आणि पैसे कोर्टात भरता. भाडेकरूला मालकाविरुद्ध असा दावा लावायला एरवी मनाई आहे, पण सगळे दावेदार मूळ मालकाच्याच नात्याने हक्क सांगत असतील तर तो लावता येतो. भावाभावांत नेमकं तेच असतं.

खर्चामुळे तेवढं करायचं नसेल तर निदान हे करा: दर महिन्याचा चेक ठरल्या तारखेला पत्रासह पाठवा. परत आला तर 'घेण्यास नकार' असा शेरा असलेलं पाकीट न फोडता ठेवा आणि तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात त्याच दिवशी भरा. आमचे पैसे डब्यात होते. ते बँकेत असते तर पासबुकावर दर महिन्याची तारीख आपोआप पडली असती.

मालकांच्या हयातीतलंच भाडं थकलं असेल तर तेही वारसांचं येणं आहे. त्यासाठी कोर्टातून हुकूमनामा हवा असेल तर वारसाला उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे मृताचं येणं वसूल करायचा कोर्टाचा दाखला, दाखवावं लागतं. वारस परदेशी राहत असेल तर भाड्यातून आयकर कापून सरकारात भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते, म्हणून पहिला चेक लिहिण्याआधी सनदी लेखापालाला विचारा.

पायरी ५: या कागदांवर सही करू नका

निधनानंतर साधारण वर्षभरात वारसांपैकी कोणीतरी दार वाजवतं. बोलणं गोड असतं: "काका, आता नावं बदलायची आहेत, नुसती फॉर्मॅलिटी. या करारावर सही करा, भाडं तेवढंच ठेवलंय." कागद उलटून पाहिला की पहिल्या पानावर 'लिव्ह अँड लायसन्स' असं छापलेलं असतं. चाळीस वर्षांचा भाडेकरू त्या एका सहीने अकरा महिन्यांचा लायसन्सी होतो. कलम २४ चं स्पष्टीकरण सांगतं की लायसन्सचा लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल. मागाहून 'मी भाडेकरूच होतो, फसवून सही घेतली' हे सिद्ध करायला वर्षं जातात, आणि तोवर उतारवयातल्या माणसाची झोप उडालेली असते. मला सर्वांत जास्त राग या प्रकाराचा येतो, कारण सही करणारा बहुधा मालकाच्या घराला मान देणारा, भिडस्त माणूस असतो.

म्हणून शीर्षक काहीही असो, कागद दोन दिवस घरी ठेवून घ्या आणि वकिलाकडून वाचून घ्या. 'लायसन्स', 'ताबा स्वेच्छेने सोडत आहे', 'माझा कोणताही हक्क उरलेला नाही', 'केअरटेकर म्हणून राहत आहे' यांतलं काहीही दिसलं तर सही नाही. वारसांना नाव बदलून हवं असेल तर साधं पत्र पुरतं: आजपासून भाडं अमुक यांना देत आहे, बाकीच्या अटी पूर्वीच्याच. भाडेकरार लेखी करून नोंदवायचाच झाला तर ती जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे आणि त्यावर 'भाडेकरार' असंच लिहिलेलं असलं पाहिजे.

भाडेवाढीचंही तसंच. जुन्या निवासी भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ कायद्याला मान्य आहे (कलम ११). सुधारणा किंवा बांधकामात फेरबदल केले तर त्या खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ वेगळी. वडील गेले म्हणून भाडं बाजारभावाने करता येत नाही.

पायरी ६: नोटीस आली तर

घाबरून घर सोडू नका आणि नोटीस फळीवरही टाकू नका. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय मालक भाडं थकल्याच्या कारणावर दावा लावू शकत नाही. त्या ९० दिवसांत पूर्ण रक्कम भरा. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तीवर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरलात आणि पुढेही नियमित भरत राहिलात, तर या कारणावर जागा खाली करायचा हुकूमनामा होत नाही. आम्ही यातल्या पहिल्याच टप्प्यावर वाचलो: डबा रिकामा करून आठ महिन्यांचं भाडं डिमांड ड्राफ्टने थोरल्याच्या वकिलाकडे पाठवलं आणि धाकट्याला आणि लेकीला त्याची प्रत दिली.

एकट्या वारसाची नोटीस म्हणजे बाद, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सहमालकांपैकी एकजण इतरांची हरकत नसताना जागा खाली करून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितलं आहे.

वारसांना जागा स्वतःसाठी हवी आहे, हे कारण आता नव्याने येऊ शकतं. गरज खरी आणि वाजवी असावी लागते. शिवाय जागा गेल्याने तुमचे हाल जास्त की न मिळाल्याने त्यांचे, हे निवासी जागेत कोर्ट तोलून पाहतं. म्हणून तुमचं उत्पन्न, घरातली आजारी माणसं, शहरात दुसरी जागा नसणं, याचे पुरावे तयार ठेवा. आणि मुलाकडे राहायला गेलात म्हणून खोलीला वर्षभर कुलूप लावू नका. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसणं हेच जागा जायचं स्वतंत्र कारण आहे.

दावे मुंबई, पुणे आणि नागपुरात लघुवाद न्यायालयात चालतात, इतरत्र दिवाणी न्यायालयात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

मालक हयात असतानाच दावा चालू असेल तर एक तारीख चुकवू नका. दावा तुम्ही लावलेला असेल तर मृत मालकाचे वारस ९० दिवसांत कोर्टाच्या नोंदीवर आणायचे, नाहीतर तो त्यांच्यापुरता संपुष्टात येतो. मालकाने लावलेल्या दाव्यात हीच मुदत त्यांच्या वारसांना आहे.

पाणी, वीज, दुरुस्ती

वाद चिघळला की नळ बंद होतो, जिन्यातला दिवा काढला जातो. कलम २९ प्रमाणे मालकाला अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. कोर्टात अर्ज केल्यावर ती पुन्हा सुरू करायचा हुकूम मिळतो, तातडीने तात्पुरताही मिळतो. मीटर मृत मालकाच्या नावावर असेल तर स्वतःच्या नावाने जोडणी मागा, कारण वीज कायदा २००३ मालकाबरोबर जागेचा ताबा असलेल्यालाही तो हक्क देतो. छप्पर गळत असेल आणि वारस एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर सर्वांना किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करा आणि खर्च भाड्यातून वळता करा. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त मात्र वळता करता येत नाही.

वारस विकायला निघाले तर

विकत घेणारा तुमच्यासकट मिळकत घेतो. खरेदीखत झाल्याचं लेखी कळेपर्यंत जुन्या मालकांना दिलेलं भाडं वाया जात नाही. कळल्यावर नव्याला द्या.

स्वतःच घ्यायची असेल तर वारसांच्या भांडणात भाव बरा मिळतो, हे खरं. पण एकही सही राहिली तर सगळं अर्धवट. बहिणीने 'माझं काही नाही' असं तोंडी म्हटलेलं चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

पागडीचा हक्क दुसऱ्याला देऊन बाहेर पडायचं असेल तर कलम ५६ मुळे मालकाने संमतीसाठी पैसे घेणं आता कायदेशीर आहे. मालकाचा वाटा किती हे बोलण्यावर ठरतं. ती रक्कम एका वारसाच्या हातात रोख देऊ नका. सर्वांच्या संमतीपत्रावर सह्या घ्या आणि चेकने द्या. मुंबईतली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत पुनर्विकासाला जात असेल तर खोली सोडण्याआधी पर्यायी कायमस्वरूपी जागेचा नोंदणीकृत करार तुमच्या नावाने हातात हवा. क्षेत्रफळ, संक्रमण काळाचं भाडं आणि मुदत त्यात आकड्यांत लिहिलेली हवी.

आणि पावतीवर कुणाचं नाव आहे, तेही याच वेळी बघून घ्या. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, तसं कोणी नसेल तर वारसाकडे. एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. पावती अजून आजोबांच्या नावाने असेल तर नव्या मालकांना पहिलं पत्र लिहिताना सध्या जागेत कोण कोण राहतं त्यांची नावं त्यात घाला. आईने नंतर वारसांना लिहिलेल्या पत्राखाली माझंही नाव होतं. नंतरची प्रत्येक पावती आम्हा दोघींच्या नावाने आली.